काचेबाहेरची आई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माइकपुढे यापूर्वी एकदाच उभी राहिले होते, ती हळदीकुंकवाला नाव घेण्यासाठी. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, तुम्ही पाचसहा जणी दर गुरुवारी दवाखान्यात जाऊन काय करता ते सर्वांना कळू द्या. काहींचा समज असा आहे की आम्ही फळे वाटतो. आम्ही फळे वाटत नाही, आमच्या चुका सांगतो.

माझा धाकटा मुलगा २०१३ साली अपुऱ्या दिवसांचा झाला. वजन तेराशे ग्रॅम. ज्या दवाखान्यात तो होता त्याचे नाव मी घेणार नाही. त्यांनीच त्याला वाचविले हेही खरे आहे. बाळ काचेच्या पेटीत आणि मी काचेबाहेर. दिवसातून दोनदा लांबून पाहू देत. दूध वाटीत काढून दारातून आत द्यायचे. गल्लीतल्या बायका विचारीत, बाळ कुणासारखं आहे? मला सांगता येईना. डोळ्यांवर पट्टी, नाकात नळी. त्याचे तोंड मी धड पाहिलेच नव्हते. तेवीस दिवस माझा हात त्याला लागला नाही.

चोविसाव्या दिवशी घरी सोडले. हातात कार्ड दिले, ते सगळे इंग्रजीत. सिस्टर घाईत होत्या, जाता जाता म्हणाल्या, "जपा हं बाळाला."

आता जपायचे म्हणजे काय हो? आमच्या घरी जपणे म्हणजे तेल रगडून कढत पाण्याने अंघोळ, धुरी, बाळगुटी आणि मधाचे बोट. माझी थोरली अशीच वाढली. सासूबाईंचा हात गल्लीत नावाजलेला; नवे बाळ झाले की अंघोळीला त्यांनाच बोलावणे यायचे. त्यांनी मायेनेच केले आणि मीही होऊ दिले. चौथ्या दिवशी पहाटे बाळ दूध ओढेना, पाय बर्फासारखे गार. रिक्षात घालून परत दवाखान्यात धावलो. तेथे एक जण ओरडले, "अडाणी आहात काय? मारायचं होतं का पोराला?" मी खाली मान घालून उभी राहिले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही बाळाला अंघोळ घातली नाही. मुलगा वाचला. तो आता सातवी पास झाला आहे, म्हणजे शिक्षणात माझ्या पुढे गेला. पण सासूबाईंचे ते थांबलेले हात मला फार दिवस टोचत होते.

काही वर्षांनी भाचीचे बाळ असेच लहान झाले. दवाखाना दुसरा. तेथील बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा बायकांना एका खोलीत बसविले आणि विचारले, "तुम्हाला त्या वेळी काय कळलं नव्हतं, ते सांगा." इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारलेला नव्हता! मी गुटीपासून कार्डापर्यंत सगळे सांगितले. सांगताना वाटले, आता सिस्टर चिडणार. तर एक वयस्क सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, आम्ही दोघी आणि लेकरं बावीस. समजावून सांगायला वेळ कुठनं आणायचा ओ?" मला तोवर वाटे की काचेआतले सारे सुखात असतात.

त्या डॉक्टरीणबाईंकडूनच कळले की ही गोष्ट नवी नाही. विलायतेत पूर्वी आजारी मुलाला भेटायला आईला ठरावीक वेळच मिळे. मूल रडून रडून गप्प झाले, की ते रुळले असे समजत. जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचे दवाखान्यातील दिवस चित्रपटात टिपले. १९५९ साली सरकारी समितीने सांगितले की आईबापांना केव्हाही येऊ द्यावे. तरी दवाखाने हलेनात. तेव्हा १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील आयांनी आपली संघटना काढली. तुमच्याआमच्यासारख्याच घरच्या बायका होत्या त्या!

आपल्याकडे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नर्सा अपुऱ्या पाहून आयांनाच बाळांच्या सेवेसाठी आत घेतले. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली तेथेच निघाली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात घरच्या माणसांना हात धुण्यापासून बाळ हाताळण्यापर्यंत शिकवून आत घेऊ लागले, आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शिकाच काढली. कागदावर आता आई काचेच्या आत आहे. दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक असले म्हणजे झाले!

आम्ही तेथे करतो ते एवढेच. नव्या आयांजवळ बसतो. पेटी म्हणजे काय, नळी का घातली आहे, हे सिस्टर सांगतात. त्या वेळी मनात काय काय येते ते आम्ही सांगतो. बाळाला उघडे करून, फक्त टोपी आणि लंगोट ठेवून, आईच्या छातीशी उभे बांधतात त्याला कांगारू पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून १९७८ साली ती निघाली. पोरी लाजतात, भितात. मी म्हणते, घे गं, मला तेवीस दिवस मिळालं नव्हतं. मग घेतात.

डॉक्टरांनाही आम्ही सांगतो. घरी जातानाचा कागद मराठीत झाला, आणि त्यात "जपा" हा शब्द नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, मध नको, गुटी नको, पाय गार लागले तर लगेच या, असे लिहिले आहे. पोट फाडून बाळंत झालेल्या बाईला पेटीजवळ बसायला स्टूल मिळाले. या एका स्टुलासाठी चार महिने गेले. बापाला रात्री थांबू द्या म्हटले, ते मान्य झाले नाही. आयांची मोरी अजून दोन जिने खाली आहे. दर महिन्याला मी त्याची आठवण करते आणि दर महिन्याला ते लिहून घेतात.

घरी हे रुचले असे नाही. आमचे हे म्हणाले, "घरातलं चव्हाट्यावर कशाला? आईचं नाव खराब होतंय." ते चुकीचेही नव्हते. मी सासूबाईंनाच विचारले. त्या बराच वेळ जपमाळ ओढीत बसल्या, मग म्हणाल्या, "सांग. माझं नाव घेऊन सांग. दुसऱ्या म्हातारीच्या हातनं तसं होऊ नये." त्या आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. गेल्या महिन्यापासून त्या स्वतःच माझ्याबरोबर येतात. मी सांगितलेले सुनांना पटते, पण आज्यांना पटत नाही. त्या म्हणतात, कालची पोर मला शिकवणार? तेथे सासूबाई पुढे होतात.

मंडळाकडे माझे मागणे दोनच. जुनी सुती लुगडी असतील तर धुऊन, उन्हात वाळवून आणून द्या. बाळ छातीशी बांधायला मऊ पट्टे लागतात, नायलॉन चालत नाही. आणि ज्यांचे मूल कधी दवाखान्यात राहिले आहे, त्यांनी गुरुवारी तीन वाजता महाद्वारापाशी यावे. आम्ही तेथून चालतच जातो.