निजलेली गोगलगाय
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नांदेडला इंजिनिअरिंग करून मी संगणकात रमले, म्हणून मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण मी बोलणार आहे गोगलगायीवर.

2022 च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी ते भोगलंय. औसा तालुक्यातल्या आमच्या रानातही दुबार पेरणी झाली. अण्णा फोनवर म्हणाले, "एवढ्या आल्या कुठून गं? उन्हाळ्यात तर एक दिसत नव्हती."

त्या आल्या नव्हत्या, तिथंच होत्या. माती सुकली, ऊन तापलं की गोगलगाय जमिनीत, दगडाखाली शिरते, शंखाचं तोंड पातळ पापुद्र्यानं बंद करते आणि महिनोन्महिने निजते. पाऊस मुरला, हवा गार झाली की बाहेर येते. नेमकी तेव्हाच आपली पेरणी उगवलेली असते.

अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतले सूक्ष्म सूत्रकृमीही असेच निजतात. माती सुकू लागली की अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून वेटोळं करून पडतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून ओल आली की पुन्हा हलू लागतात. तिथं ऊब आणि ओल दोन्ही जुळावी लागतात. आपल्याकडे उबेची कमी नाही. किल्ली ओलीच्या हातात.

तेव्हा मी "औषध टाका" म्हणून मोकळी झाले. पण रोपं गेल्यावर औषध काय कामाचं? पुढच्या वर्षी अण्णांनी उन्हाळ्यात खोल नांगरट केली, बांध साफ केले. पहिल्या पावसानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती रानात टाकली. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचल्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्या. एक गोगलगाय एका वेळी शंभरावर अंडी घालते. म्हणून आधी वेचलेली प्रत्येक मोलाची.

तरी शेजारच्या पडीक रानातून त्या येतच राहिल्या. त्याचा मालक पुण्यात. मित्रांनो, तो मालक म्हणजे आपणच. आपल्यातल्या कितीजणांचं रान गावाकडे आहे आणि आपण शहरात! गोगलगाय बांध ओळखत नाही. सगळ्या शिवारानं मिळून वेचलं तरच उपयोग.

म्हणून एकच विनंती. पहिला पाऊस झाला की गावाकडे फोन करा आणि विचारा, "पोती टाकली का?"