पदवीनंतरही टिकणारे बंधुत्व



अमेरिकेतील महाविद्यालयीन ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे मौजमजेचा अड्डा, हा समज सर्वस्वी खोटा नाही. नवागतांच्या छळापायी तेथे मृत्यूही घडले आहेत. परंतु कॉर्नेल विद्यापीठातील १९०६ सालचे उदाहरण वेगळे आहे.

वर्णभेदाच्या त्या काळात एकाकी पडलेल्या सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा बंधुसंघ स्थापिला. परस्परांना अभ्यासात साहाय्य करावे, धीर द्यावा, हा हेतू. पदवी हाती पडताच नाते मात्र संपले नाही. ठिकठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या शाखा निघाल्या. न्यायमूर्ती थरगूड मार्शल आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे याच संघाचे सदस्य.

किंग यांची १९६८ मध्ये हत्या झाली. त्यांच्या राष्ट्रीय स्मारकाचा प्रस्ताव १९८४ मध्ये याच बंधूंनी मांडला. अमेरिकी संसदेची अनुमती मिळण्यास १९९६ साल उजाडले आणि वॉशिंग्टनमध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले ते २०११ मध्ये. सत्तावीस वर्षांचा पाठपुरावा! ओळखीने नोकरी मिळते, हा लाभ यापुढे मी गौण मानतो.

आपल्या वसतिगृहांतूनही दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांतील कोण कोठे आहे, कोणाच्या घरी काय अडचण आहे, याची साधी नोंदवही तरी आपण ठेवतो का?