नाण्याचा पारखी

मराठी मुलखांत पोतदार हें आतां नुसतें आडनांव राहिलें आहे. पण एके काळीं तो धंदा होता. हातीं आलेला रुपया खरा कीं खोटा, त्यांत चांदी किती, त्यावर बट्टा किती बसावयाचा, हें पोतदारानें सांगावें, अशी वहिवाट होती. त्याची पारख धातूची असे. नाणें वाजवून, घासून, तोलून पाहिलें कीं त्याचें काम संपे. अमेरिकेंत आज जो नाण्यांचा पारखी पगारावर काम करतो, त्याचें काम तेथून पुढें सुरू होतें. नाणें खरें ठरल्यावर तें किती जपलें गेलें आहे हें त्याला सांगावयाचें असतें. आणि तें शब्दांत नव्हे, तर १ ते ७० यांमधील एका अंकांत. ६० व त्यावरील अंक केवळ न वापरलेल्या नाण्यांसाठीं राखलेले असतात.

या कामाची खोली जवळजवळ अंधारीच असते. मेजावर एक दिवा, खालीं मऊ कापड, आणि जवळ पांचपट मोठें दाखविणारें भिंग. नाणें येतें तें मालकाच्या नांवावांचून. उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक असावा तसें. पारखी तें कडेनें धरतो, कारण बोटाचा घाम धातूवर कायमचा उमटतो. आणि दिव्याखालीं तें हळूहळू फिरवितो. टांकसाळींत ठशाच्या दाबाखालीं धातु मध्यापासून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषांवरून प्रकाश परततो, आणि नव्या नाण्यावर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उजळ पट्टे फिरतांना दिसतात. नाणें बाजारांत फिरलें कीं प्रथम उंच भागांवर हे आरे तुटतात. पारख्याची निम्मी विद्या या आऱ्यांपाशीं आहे.

ती किती निसरडी आहे हें मॉर्गन डॉलरवरून कळतें. हा चांदीचा डॉलर १८७८ पासून १९०४ पर्यंत, आणि पुन्हां १९२१ सालीं पाडला गेला. त्यावर स्वातंत्र्यदेवतेचें मुख आहे, व तिच्या कानावरील केसांवर झीज लौकर दिसते. पण न्यू ऑर्लिअन्सच्या टांकसाळींत ठसा पुष्कळदां इतका हलका बसे कीं तेथील कोऱ्या डॉलरवरहि ते केस सपाट असत. नवशिका पारखी असला डॉलर झिजलेला समजून त्याला खालची प्रत देतो. मुरलेला पारखी त्या सपाट जागेवर झळाळी शाबूत आहे कीं नाहीं तेवढें पाहतो. देवतेच्या गालावरील ओरखड्यांचेंहि असेंच. हे डॉलर हजार हजारांच्या थैल्यांत भरून हलविले जात, व एकमेकांवर आपटत. म्हणून मुळींच न वापरलेलें नाणेंहि ६० वर थांबूं शकतें. केसांत दडलेला ओरखडा बराचसा माफ होतो, गालावरचा होत नाहीं.

घासलेल्या नाण्याला मात्र क्षमा नाहीं. मराठी घरांत लक्ष्मीपूजनापूर्वीं देवघरांतले राणीछाप रुपये चिंचेनें किंवा राखेनें लख्ख केले जातात. पूजेला तें शोभतें. पण पारख्याच्या दिव्याखालीं अशा रुपयावर केसांसारख्या बारीक रेषांचें जाळें दिसतें, आरे मेलेले असतात, आणि बहुधा त्याला अंक न मिळतां ‘घासलेलें’ एवढाच शेरा मिळतो. शंभर वर्षांची काळपट छाया म्हणजे मळ नव्हे, हें घरोघरीं कोणी तरी सांगावयास हवें.

एकच नाणें दोघे-तिघे पारखी निरनिराळे पाहतात. मतें जुळलीं नाहींत तर ज्येष्ठाचें मत चालतें. मग नाणें व त्याचा अंक पारदर्शक, कठीण डबींत एकत्र बंद होतात. ही पद्धत रूढ केली ती १९८६ व १९८७ सालीं निघालेल्या दोन कंपन्यांनीं. त्यापूर्वीं विकतांना जें नाणें ६५ असे, तेंच विकत घेतांना ६३ होई. पण वाद मिटला असें नाहीं. कित्येक व्यापारी डबी फोडून तेंच नाणें पुन्हां परीक्षेस पाठवितात, आणि कधीं कधीं एक अंक वाढून येतो. दुर्मिळ नाण्यांत त्या एका अंकाची किंमत हजारों डॉलर असूं शकते. १९९० च्या सुमारास यंत्राकडून परीक्षा करविण्याचा प्रयोग झाला, तो टिकला नाहीं. अंक देतो तो डोळाच, आणि डोळा दुपारीं थकतो.

हें १ ते ७० चें माप मूळचें डॉ. विल्यम शेल्डन यांचें. माणसांच्या देहांचे तीन घटक कल्पून त्यांना १ ते ७ गुण देणारे मानसशास्त्रज्ञ ते हेच. तांब्याच्या जुन्या सेंटांवरील त्यांचा ग्रंथ १९४९ सालीं निघाला. अगदीं झिजलेला सेंट एका डॉलरला मिळत असेल, तर त्याच ठशाचा सर्वोत्तम सेंट सत्तर डॉलरला मिळावा, अशी त्यांची कल्पना होती. भाव लवकरच बदलले, माप राहिलें. शेल्डन यांच्याइतकी या सेंटांची जाण फार थोड्यांना होती. म्हणून न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा संग्रह त्यांना मोकळा होता. १९७७ सालीं ते वारले. पुढें असें उघडकीस आलें कीं संस्थेच्या खणांतील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागीं त्याच ठशाचे स्वतःचे हलके सेंट त्यांनीं ठेवले होते. ठसा तोच, साल तेंच. खणांतील जागा भरलेली. फरक होता तो केवळ प्रतीचा, आणि तो ओळखणारा डोळा तर त्यांचाच! संस्थेचे मूळ सेंट ओळखले गेले ते जुन्या छायाचित्रांवरून. एखादी खोंच, एखादा डाग, हुबेहूब जुळला. त्यावर खटले चालले, आणि पुष्कळ सेंट संस्थेच्या खणांत परत आले. सर्व मात्र आले नाहींत.