उघड्या खुराचा घोडा : बुटातली गादी कशी निवडावी

आपल्या जिते-पेण पट्ट्यात घोडा काही घरोघरी नाही. आपली खाचरं बैलांनी नांगरली, आता पॉवर टिलरही आले. पण भातकापणी उरकली की घाटावरून धनगर मंडळी मेंढरं घेऊन उतरतात, तेव्हा त्यांचा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. अलिबागला ओहोटी लागली की घोडागाडी कुलाबा किल्ल्याकडे निघते. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, म्हणून तिथे कित्येक घरांची चूल घोड्याच्या चार पायांवर पेटते. ऐन हंगामात घोडा लंगडला की त्या घरातली मिळकत त्याच दिवशी थांबते.

अलीकडे काही घोडेवाले नाल न मारता घोडा उघड्या खुराने ठेवतात आणि कामाच्या वेळी खुराला बूट चढवतात. या बुटात तळाशी एक गादी घालता येते. ती कशी निवडायची, एवढंच आज सांगायचं आहे.

खुराची रचना

घोड्याचा खूर पालथा करून बघा. बाहेरची कडा टणक असते. तिच्या आत किंचित खोलगट तळवा असतो. टाचेकडून पुढे येणारा मधला त्रिकोणी भाग रबरासारखा लवचीक असतो. पाय टेकला की टाच जराशी फाकते आणि धक्का जिरतो. घोड्याचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर येतो, म्हणून दुखापतही तिथेच जास्त होते.

वर्षानुवर्षं नाल मारलेल्या घोड्याचा नाल काढला, की त्याचा तळवा पातळ आणि हळवा असतो. माणसाने जन्मभर वहाण वापरावी आणि एक दिवस अनवाणी खडीवर चालावं, तशी त्याची गत होते. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणजे पुढचा भाग वरून खालपर्यंत नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. त्या काळात डांबरी रस्त्यावर, खडीवर, जांभ्या दगडाच्या वाटेवर बूट आणि गादी उपयोगी पडते. शेतातल्या मऊ मातीत मात्र पाय उघडाच असू द्यावा. त्यानेच तो टणक होतो.

गादी किती जाड, किती मऊ?

पेणच्या गणपतीच्या मूर्ती दूरदेशी पाठवतात, तेव्हा खोक्यात पेंढा भरतात हे आपण पाहिलंय. पेंढा कमी पडला तर मूर्तीला धक्का बसतो. नुसताच भुसभुशीत भरला तर मूर्ती आत हलते. गादीचंही तसंच आहे. फार टणक असली तर धक्का जिरत नाही. फार मऊ असली तर घोड्याच्या वजनाने चपटी होऊन जाते, आणि पाय आत डगमगतो ते वेगळंच.

म्हणून तीन गोष्टी पाहा.

१) वजन. हलक्या तट्टाला मऊ गादी चालते. उंचापुऱ्या घोड्याला, किंवा ओझं लादलेल्या घोड्याला, मध्यम ते घट्ट गादी लागते.

२) तळवा. हळवा, पातळ, सपाट तळवा असेल तर मऊ गादीपासून सुरुवात करा. तळवा टणक होत गेला की घट्ट गादीवर या. पुढे गादी नकोशीही होते, आणि तेच चांगलं लक्षण.

३) जमीन. खडीचा रस्ता असेल तर गादी जराशी जाड हवी. वाळूत किंवा मातीच्या वाटेवर पातळ पुरते, बहुधा लागतही नाही.

जाडी साधारण ६ ते १२ मिलिमीटर असते. शक्यतो पातळीपासून सुरुवात करा. बूट गादीशिवायच जेमतेम बसत असेल तर त्यात जाड गादी कोंबू नका. पाय वर उचलला जातो, पट्टा टाचेवर घासतो आणि तिथे जखम होते. बुटाचं माप घेतानाच गादीचा हिशेब धरावा. खूर आधी तासून घ्यावा, मगच रुंदी आणि लांबी मोजावी. न तासलेल्या खुराचं माप फसवं असतं.

गादी कशाची?

चपलांच्या तळाला वापरतात ते हलकं, फुगीर पण पाणी न पिणारं शीट या कामाला चांगलं. चांभाराकडे किंवा चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. तुकडा अंगठ्याने जोरात दाबा आणि सोडा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. झिजलेल्या जुन्या चपलेचा तळ घेऊ नका. तो एका बाजूला दबलेला असतो, त्याने पाय वाकडा पडतो.

बिछान्याचा स्पंज, गोणपाट, चिंध्या बुटात घालू नयेत. त्या पाणी धरतात आणि त्यांचा गोळा होतो.

वर्तमानपत्राचा कागद बुटात दाबून आतल्या तळाचा आकार घ्या आणि त्याप्रमाणे गादी कापा. कडा दुमडता कामा नये, आणि खडा शिरेल अशी फटही राहता कामा नये. जोडीच्या दोन्ही पायांना सारखीच गादी घाला.

गादी वाचायला शिका

पहिल्या दिवशी अर्धा तासच चालवा. मग रोज थोडं थोडं वाढवा. चार-पाच दिवसांनी गादी काढून बघा. तिच्यावर खुराचा ठसा उमटलेला असेल. ठसा सगळीकडे सारखा असेल तर ठीक आहे. एका कडेला खोल असेल तर खूर वाकडा तासला गेलाय, किंवा घोडा त्या पायावर तिरका भार देतोय. अशी गादी टाकून देऊ नका, ती नालबंदाला किंवा डॉक्टरांना दाखवा. दाबलेला ठसा भरून येईनासा झाला, की गादी बदला. खूर दर ४ ते ६ आठवड्यांनी तपासून तासून घ्यावा.

पावसाळा आणि खारं पाणी

काम संपलं की बूट काढा. रात्रभर पायात ठेवू नका. खूर उकरून साफ करा. बूट आणि गादी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. समुद्रकिनारी काम असेल तर वाळू आणि मीठ रोजच्या रोज धुवायलाच हवं, नाहीतर कातडी सोलवटते. मधला त्रिकोण काळा, मऊ पडला आणि घाण वास आला, तर खूर सडायला लागला असं समजा. अशा वेळी गादी बंद, कोरडी जागा आणि डॉक्टरांचा सल्ला.

गादी हे औषध नव्हे

ही गोष्ट मनात पक्की धरा. घोडा एकाएकी पाय टेकेनासा झाला, खूर गरम लागला, खुराच्या वरची नाडी जोरात उडू लागली, तर आत पू किंवा खिळा असू शकतो. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून घोडा मागे रेलून उभा राहिला, तर खूर आतून सुजला असण्याचा संभव असतो. पोटभर दाणा जास्त झाला तरी असं होतं. अशा घोड्याला गादी घालून कामावर नेऊ नका. दुखणं झाकलं जातं, आणि आठ दिवसांचं दुखणं जन्माचं होऊन बसतं. खिळा घुसला असेल तर धनुर्वाताच्या लसीचं डॉक्टरांना विचाराच, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फोन आहे.

बैलवाल्यांसाठी दोन शब्द

घोड्याचा बूट बैलाला चालत नाही. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. एक नखी दुखावली तर डॉक्टर शेजारच्या धडधाकट नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते आणि बरी होते. खुराच्या बेचक्यात फोड दिसले आणि तोंडातून लाळ गळत असली, तर ती लाळ-खुरकूत असू शकते. बैल वेगळा बांधा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

मंडळी, गादी दुकानातल्या रंगावर निवडू नका, शेजाऱ्याने घेतली म्हणूनही घेऊ नका. आधी जनावराचा पाय हातात घ्या, तळवा दाबून बघा, मग गादी कापा. जनावर बोलत नाही, पण त्याचा खूर सगळं सांगतो.