हिवाळ्याचे मीठ आणि साठ्याचे अर्थशास्त्र

मीठ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पेण-उरणची मिठागरे येतात. समुद्राचे पाणी, ऊन आणि वारा यांवर चालणारा हा उद्योग पावसाळ्यात बंद असतो. म्हणूनच उन्हाळ्यात निघालेल्या मिठाच्या राशी पावसापूर्वी झाकून ठेवणे हा त्या व्यवसायाचाच भाग ठरतो. उत्पादन काही महिने थांबणार असेल तर माल आधी साठवावा लागतो, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. ब्रिटनमधील परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे रस्त्यांवर टाकायचे मीठ भूगर्भातील खाणींतून वर्षभर निघू शकते. मागणी मात्र हिवाळ्यातील मोजक्या रात्रींत एकवटते. रस्त्यांच्या हिवाळी देखभालीसाठी लागणाऱ्या मिठाचा आणि खडीचा सारा प्रश्न या विसंगतीतून निर्माण होतो. २००९ आणि २०१० या वर्षांत त्या देशाने ती बरीच किंमत मोजून समजून घेतली.

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. प्रयोगशाळेत तो उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवता येतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ७ ते उणे १० अंशांच्या खाली मिठाचा प्रभाव फारसा उरत नाही. शिवाय मीठ बर्फ जमल्यानंतर टाकण्यापेक्षा जमण्यापूर्वी टाकले तर कितीतरी कमी लागते. त्यामुळे हवामानाचा अंदाज येताच संध्याकाळी गाड्या बाहेर काढाव्या लागतात, आणि अंदाज चुकला तर ते मीठ वाया गेले असे म्हणण्याची वेळ येते. भरड वाळू किंवा बारीक खडी यांचे काम वेगळे आहे. त्यांनी बर्फ वितळत नाही. चाकाला आणि पावलाला पकड मिळते, एवढेच. मीठ संपत आले की त्यात खडी मिसळून ते पुरवले जाते. पुढे वसंत ऋतूत तीच खडी गटारांतून उपसावी लागते.

साठा किती असावा, याचे गणित अवघड नाही. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर चौरस मीटरला २० ग्रॅम मीठ टाकायचे तर एका किलोमीटरला १४० किलो लागते. एखाद्या स्थानिक प्राधिकरणाकडे मीठ टाकण्याजोगे १,००० किलोमीटर रस्ते असतील तर एका फेरीला १४० टन खर्ची पडतात. कडक थंडीत दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर ५६० टन. सहा दिवसांची तजवीज म्हणजे ३,३६० टन आणि बारा दिवसांची म्हणजे ६,७२० टन. सहा की बारा, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण वादाचा खरा मुद्दा तोच होता.

ब्रिटनला रस्त्यांचे मीठ मुख्यतः तीन खाणींतून मिळते. चेशायरमधील विन्सफर्डची खाण एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. ईशान्य इंग्लंडमधील बोल्बी आणि उत्तर आयर्लंडमधील किलरूट या अन्य दोन. उलट बाजूला खरेदीदार शेकडो आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या अंदाजपत्रकाप्रमाणे स्वतंत्रपणे खरेदी करतो. काही हिवाळे सौम्य गेले की कोठारातील ढीग लेखापरीक्षकाच्या डोळ्यांत खुपू लागतो. एवढे पैसे मिठात अडकवून कशाला ठेवायचे? गरज पडली की खाणीकडून मागवू. एकट्या प्राधिकरणाच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नाही. पण थंडीची लाट गाव पाहून येत नाही. ती सगळ्या देशावर एकाच वेळी येते. सगळ्यांनी एकाच आठवड्यात मागणी नोंदवली की खाणीची रोजची उत्पादनक्षमता हीच पुरवठ्याची मर्यादा ठरते. अशा वेळी भाव कितीही द्यायची तयारी असली तरी त्या आठवड्यात जास्तीचे मीठ निघत नाही.

कायद्याने जबाबदारी निश्चित केली होती. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका खटल्यात असा निर्णय दिला की रस्ता दुरुस्त राखण्याच्या कर्तव्यात बर्फ हटवणे येत नाही. त्यानंतर २००३ मध्ये महामार्ग कायद्यात दुरुस्ती होऊन, शक्य तितक्या प्रमाणात बर्फ व हिम यांपासून रस्ता सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य प्राधिकरणांवर आले. कर्तव्य आले, त्यासाठी लागणारा साठा किती असावा, हे मात्र त्यात आले नाही.

२ फेब्रुवारी २००९ रोजी लंडनमध्ये अठरा वर्षांतील सर्वाधिक हिमवृष्टी झाली आणि शहरातील बससेवा बंद ठेवावी लागली. काही दिवसांतच अनेक प्राधिकरणांचे मीठ संपत आले. त्यानंतरच्या पाहणीत किमान सहा दिवस पुरेल इतका साठा ठेवण्याची शिफारस झाली. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच २००९-१०चा हिवाळा आला, आणि तो तीस वर्षांतील सर्वांत थंड ठरला. सहा दिवसांचा साठा अनेकांनी केलाही होता. परंतु त्या आकड्यामागे एक न लिहिलेले गृहीत होते, ते असे की सातव्या दिवशी खाणीतून माल येईल. तो आला नाही. जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारच्या ‘सॉल्ट सेल’ या कक्षाने खाणींतील मीठ कोणाला आधी द्यायचे हे ठरवायला सुरुवात केली, आणि प्राधिकरणांना वापर आधी २५ टक्क्यांनी व पुढे त्याहूनही अधिक कमी करण्यास सांगण्यात आले.

कपात कोणावर पडली? द्रुतगती मार्ग, प्रमुख रस्ते आणि रुग्णालयांकडे जाणारे रस्ते सांभाळले गेले, आणि तसा क्रम योग्यच होता. मागे राहिल्या त्या वस्तीतील गल्ल्या आणि पदपथ. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये हिमावर किंवा बर्फावर घसरून पडल्यामुळे सुमारे १६ हजार वेळा रुग्णांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले. वाचवलेल्या मिठाचा खर्च असा आरोग्यसेवेच्या खात्यावर आणि वृद्धांच्या मोडलेल्या हाडांवर चढतो. रस्ते खात्याच्या ताळेबंदात तो कधीच दिसत नाही.

त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखाली सर्वंकष आढावा घेण्यात आला आणि २०१० मध्ये दोन टप्प्यांत अहवाल आला. हंगामाच्या प्रारंभी बारा दिवसांचा, म्हणजे ४८ फेऱ्यांचा साठा हा मापदंड त्यात सुचवला गेला. शिवाय अडीच लाख टन मीठ आयात करून राष्ट्रीय राखीव साठा उभारावा, असेही सांगितले गेले. सहाचे बारा झाले ही नुसती दुप्पट नव्हे. बारा दिवसांच्या मापदंडामागे, कसोटीच्या काळात फेरपुरवठ्यावर विसंबता येणार नाही, ही कबुली आहे. ही शिफारस वेळेवर आली, असेच म्हणावे लागेल. कारण डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील शंभर वर्षांतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला.

राखीव साठ्याची कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. अन्नधान्याच्या राखीव साठ्याचे निकष आपल्याकडे तिमाहीनिहाय ठरलेले आहेत. धान्य मात्र किडते, जुने होते. ते ठरावीक काळात फिरवावे लागते. मीठ किडत नाही. छपराखाली ठेवलेले मीठ यंदा वापरले गेले नाही तर पुढच्या वर्षी वापरता येते. उघड्यावर ठेवल्यास पावसाने ते झिरपते आणि त्यावर कडक कवच धरते, म्हणून कोठाराचा खर्च टाळता येत नाही. तरीही न वापरलेल्या टनाची किंमत म्हणजे अडकलेल्या पैशावरील व्याज, कोठाराचे भाडे आणि थोडी घट, एवढीच. नसलेल्या टनाची किंमत तिच्या कितीतरी पट आहे. सौम्य हिवाळ्यानंतर उरलेल्या मिठाला ‘अपव्यय’ म्हणणारा हिशेब त्यामुळे मुळातच सदोष आहे.

तरीही राष्ट्रीय साठ्याने एक पेच सुटत नाही. टंचाईत वाटप करताना ज्याच्याकडे सर्वांत कमी मीठ आहे त्याला आधी द्यावे लागते. माणुसकीला दुसरा मार्ग नाही. पण मग ज्याने उन्हाळ्यात पैसे घालून कोठार भरले, तो रांगेत शेवटी जातो आणि बेफिकीर राहिलेला पुढे येतो. पुढील वर्षी कोठार कोण भरेल? यावर उपाय म्हणजे राखीव साठ्यातील मीठ उन्हाळी भावापेक्षा स्पष्टपणे महाग ठेवणे आणि प्रत्येक प्राधिकरणाचा साठा थंडीपूर्वी जाहीर करणे. कोणाचे कोठार रिकामे आहे हे नोव्हेंबरमध्ये करदात्यांना कळले तर जानेवारीतील रांग निश्चितच आखूड होईल.

साठा वाढवणे म्हणजे वापर वाढवणे नव्हे. मिठाने पुलांतील लोखंड गंजते, वाहने गंजतात, रस्त्याकडेची झाडे आणि ओढ्यांचे पाणी बिघडते. मीठ टाकणाऱ्या यंत्राचे माप दर हंगामापूर्वी तपासणे, कोरड्या मिठावर मिठाचे पाणी फवारून ते वाऱ्याने उडू न देणे आणि रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान मोजून नेमक्या मार्गांवरच फेरी काढणे, यांतून होणारी बचत ही खाणीतून मिळालेल्या मिठाइतकीच खरी.

भारतात हा प्रश्न हिमालयापुरता आहे आणि त्याचे रूप निराळे आहे. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेला जोजिला घाट पूर्वी वर्षातील पाच-सहा महिने बंद राहत असे. २०२५ मध्ये सीमा सडक संघटनेने तो ३२ दिवसांनंतर, १ एप्रिलला खुला केला. हे काम हिम कापणाऱ्या यंत्रांचे आणि ती चालवणाऱ्या माणसांचे आहे. द्रासच्या परिसरात पारा उणे वीसपर्यंत उतरतो, तेथे मिठाची मात्रा चालणार नाही. पकड द्यायची ती वाळू आणि खडीनेच. सिमल्यासारख्या शहरात थंडी तुलनेने सौम्य असली तरी रस्ते चढउताराचे आणि वळणांचे आहेत, आणि निसरड्या रस्त्यांवर वाळू टाकण्याची पद्धत तेथे रूढ आहे. मात्र वाळूचाही साठा लागतोच, कारण रस्ता बंद झाल्यावर ती वाहून आणता येत नाही. वळणावळणावर तिचे ढीग पहिल्या हिमवृष्टीपूर्वी पडलेले असावे लागतात, आणि ती ओली असेल तर ढिगातच गोठून दगड बनते. म्हणून त्या वाळूत थोडे मीठ आधीच मिसळून ठेवायचे असते; आणि या मिठाची खरेदी पावसाळा संपण्याच्या सुमारास, घाटरस्ते अजून खुले असतानाच उरकावी लागते.