ठोका चुकविणारें इंजिन

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांतून भल्या पहांटे दुचाकी सुरू होण्याचे आवाज ऐकूं येतात. गिरीज, निर्मळ, भुईगांव या बाजूंची भाजी व फुलें वसई रोड स्थानकावर पोंचवावयाचीं असतात. लोकल चुकली तर दादरच्या बाजारांतील सकाळचा भाव चुकतो. अशा घाईच्या वेळीं इंजिनानें चार ठोके नीट द्यावे, पांचवा गाळावा आणि गाडीनें आचका द्यावा, म्हणजे घरधन्याच्या काळजाचाही एक ठोका चुकतो. गॅरेजच्या बोलींत या दोषाला ‘मिसिंग’ म्हणतात. त्यावरचा उपचार बहुधा ठरलेला असतो: आधीं प्लग बदलावयाचा, गुण न आला तर कॉइल, मग कार्बोरेटर. अखेरीस गाडी सुधारते. परंतु खर्चापैकीं कोणता रुपया कामीं आला आणि कोणता वायां गेला, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. वैद्यानें नाडी न पाहतां कपाटांतील पुड्या एकामागून एक द्याव्या, त्यांतलाच हा प्रकार. नाडी पाहण्याचें काम मात्र घरच्या अंगणांत होण्यासारखें आहे.

इंजिनाचा ठोका म्हणजे सिलिंडरांत होणारा एक लहानसा स्फोट. पेट्रोल व हवा आंत ओढली जाते, दट्ट्या त्या मिश्रणाला दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि पेटलेला वायु दट्ट्याला ढकलतो. गाडी उभी असतांना दुचाकीचें इंजिन मिनिटाला सुमारें १५०० फेरे करतें, आणि फोर-स्ट्रोक इंजिनांत दोन फेऱ्यांस एक या हिशेबानें मिनिटास ७५० स्फोट व्हावे लागतात. त्यांतला एक गळला तरी कानाला जाणवतो. वेळेवर पडणारी ठिणगी, योग्य मिश्रण आणि पुरेसा दाब, या तिहींपैकीं कांहीं तरी उणें असल्यावांचून ठोका गळत नाहीं.

पाना हातीं घेण्यापूर्वीं दोष केव्हां उद्भवतो हें पहावें. चढावर, मागें ओझें असतांना चुकणारें इंजिन बहुधा अशक्त ठिणगीकडे बोट दाखवितें; कारण सिलिंडरांतील दाब वाढला कीं ठिणगीला फट ओलांडणें जड जातें. उलट जें जागच्या जागीं अडखळतें आणि वेग घेतांच सुरळीत चालतें, त्याच्या मंद गतीच्या मिश्रणांत किंवा झडपांत दोष असण्याचा संभव अधिक. पावसाळी सकाळीं चुकून दुपारीं बरें होणारें इंजिन तर आपली तक्रार स्वतःच सांगतें: कोठें तरी ओल शिरली आहे.

यानंतर प्लग. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच तो काढावा. सिलिंडरचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें आणि तापलेल्या स्थितींत त्याचे आटे सहज बिघडतात. प्लगच्या टोंकाचा रंग बिस्किटासारखा फिकट तपकिरी असला तर आंतील ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. अशा वेळीं एअर फिल्टर धुळीनें तुंबला नाहीं ना, हें उघडून पहावें. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनाचें तेल वर येत आहे, आणि तें काम घरचें नव्हे. पांढराफटक प्लग म्हणजे पेट्रोल अपुरें किंवा इंजिन फाजील तापतें. दुचाकीच्या प्लगची फट सामान्यतः ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत मिळतो. प्लग बाहेर काढून ठिणगी उघड्यावर पाडून पाहण्याची जुनी रीत फारशी विश्वसनीय नाहीं. उघड्या हवेंत फट ओलांडणारी ठिणगी दाबाखालीं निकामी ठरूं शकते, शिवाय जवळच पेट्रोलची वाफ असते. त्यापेक्षां शंभर-दोनशें रुपयांचा नवा प्लग लावून पाहणें बरें. तो लावतांना पहिले आटे बोटांनींच फिरवावे. वाकडा शिरलेला प्लग पान्यानें आवळला कीं शंभराचें काम हजारांवर जातें.

वसईत मात्र प्लगच्या आधीं त्याच्या टोपीचा संशय घ्यावा. समुद्र जवळ, मिठागरें जवळ. तेथली खारी दमट हवा तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर चढविते. टोपीला बारीक भेग पडली कीं ओल्या दिवसांत वीज प्लगपर्यंत न जातां इंजिनाच्या धातूवरच उडी घेते. रात्रीं अंगणांतील दिवा मालवून, इंजिन सुरू ठेवून टोपीवर पाण्याचा हलका फवारा मारला, तर ही निळसर ठिणगी डोळ्यांना दिसूं शकते. हात दूर ठेवावा. कॉइलची वीज हजारों व्होल्टची असते. ही परीक्षा बंद पडवींतही करूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला वास नाहीं. इंजिन बंद करून जोड साफ केले आणि टोपी कोरडी करून घट्ट बसविली, एवढ्यानेंही पुष्कळदां काम भागतें.

२०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले आणि वसई-विरारच्या अनेक वस्त्या पाण्यानें वेढल्या. तसल्या पाण्यांत बुडालेली गाडी घाईनें सुरू करूं नये. फिल्टर भिजला असेल किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर पाणी आंत शिरलें आहे. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. टाकींतील पाण्याचा प्रश्न वेगळा. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० वर पोंचलें. इथेनॉल थोडें पाणी पोटांत घेतें. तें फाजील झालें कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर बसतो, आणि इंजिनाकडे तोच आधीं जातो. कार्बोरेटरच्या गाडींत तळचा स्क्रू सैल करून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें व स्थिर ठेवावें. दोन थर दिसले तर रोग सांपडला. जवळपास विडी, चूल किंवा समई नसावी, हें सांगावयास नको.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला. तेथें पेट्रोल दाबाखालीं असतें. ती नळी घरीं सोडूं नये. मोटारीचा पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर गाडी तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जळून तें महागडें पात्र निकामी होतें. मोटारीला तीन-चार सिलिंडर असतात. ज्यावर संशय असेल त्याची कॉइल, इंजिन बंद करून, शेजारच्या सिलिंडरवर लावावी आणि शेजारची इकडे घ्यावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइलच अपराधी. जागचा हलला नाहीं तर तीच अदलाबदल प्लगची करावी. दोन्ही एकदम हलविले तर कांहींच कळत नाहीं.

पाचूबंदरच्या मच्छीमार होड्यांना यांतलें बरेंच लागू नाहीं. डिझेलच्या इंजिनांत इंधन दाबाच्या उष्णतेनेंच पेटतें, ठिणगीचा संबंध नसतो. पेट्रोलच्या गाडींत ठिणगी व मिश्रण दोन्ही नीट असूनही ठोका चुकत राहिला, तर दाब उरतो: झडपा किंवा दट्ट्याच्या रिंगा. तेथें मेस्त्रीच हवा. त्याच्याकडे जातांना दोष केव्हां होतो आणि काय काय बदलून पाहिलें, हें कागदावर लिहून न्यावें, आणि काढलेला जुना प्लगही न पुसतां बरोबर घ्यावा.