घरातलं झाड का मरतं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत रोपवाटिका चालवणाऱ्या गटांपुढे झालेलं भाषण.)



आपल्यातले काही गट आता मनीप्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम अशी घरात ठेवायची झाडं तयार करून तालुक्याला विकतात. दवाखाने घेतात, दुकानं घेतात. रोप आपल्याकडून जोमदार जातं आणि दोन महिन्यांनी फोन येतो, "ताई, तुमचं झाड मेलं." मग रोप बदलून द्या, जाण्यायेण्याचं भाडं गटाच्या पैशातून भरा, आणि एवढं करून ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडेच जातं. म्हणून आज झाड मरतं का, तेवढंच बोलू.

घरातली झाडं तहानेनं कमी मरतात, पाण्यानंच जास्त मरतात. मुळांनाही हवा लागते. पावसाळ्यात वावरात पाणी तुंबलं की तूर पिवळी पडते, हे मी तुम्हाला काय सांगणार? कुंडीत तेच होतं. घरात ऊन नाही, वारा नाही, माती लवकर सुकत नाही. मुळं कुजली की पानं मलूल होतात, आणि मलूल पान बघून माणूस आणखी तांब्याभर ओततो! ऑफिसात तर बाटलीतलं उरलेलं पाणी आणि कधीकधी उरलेला चहासुद्धा कुंडीतच जातो.

तेव्हा रोज पाणी घालायचं हे डोक्यातून काढा. बोटाची दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासानं ओतून टाका. स्नेक प्लांटला तर कुंडीतली सगळी माती सुकल्यावरच पाणी द्यायचं. पावसाळ्यात त्याला पंधरा-पंधरा दिवस काही दिलं नाही तरी ते कुरकुरत नाही. खाली भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड लावून विकूच नका, गिऱ्हाईकानं कितीही आग्रह केला तरी. साध्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती शोभेच्या कुंडीत ठेवून द्या.

आता माती. आपली काळी माती कापसाला चांगली, कुंडीला नाही. ओली असली की चिकट गोळा. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधली मुळं कोरडीच. पोयट्याची किंवा लाल माती दोन घमेली, चाळलेलं गांडूळखत एक घमेलं, भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट एक घमेलं, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड, असं मिश्रण करा. कोकोपीट महाग वाटलं तर जाडसर धुतलेली वाळू चालते, फक्त कुंडी जड होते. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलंच. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते.

कीड घरातही येते. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून पुसून काढा. पान फिकट, ठिपक्याठिपक्यांचं आणि मागं बारीक जाळी असेल तर लाल कोळी. झाड बाहेर नेऊन पानांची मागची बाजू पाण्यानं धुवा. मातीवर चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय, बाकी काही शोधू नका. एवढ्यानं भागलं नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घुसळून, झाड अंगणात नेऊन, संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा.

आणि हे मात्र नीट ऐका. शेतातल्या फवारणीची बाटली घरातल्या झाडाला लावायची नाही, "थोडंसंच" म्हणूनसुद्धा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. बंद खोलीत तर तेच विष पोराबाळांच्या श्वासात जाणार. गिऱ्हाईकानं विचारलं तरी असलं औषध सुचवू नका.

मनीप्लांटचं पान लहान मुलानं चावलं तर तोंडाची आग होते, हेही विकतानाच सांगत जा. "उंचावर ठेवा" एवढं म्हटलं तरी पुरे.

प्रत्येक कुंडीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: "बोट घालून बघा. माती ओली असेल तर पाणी घालू नका." अक्षर मोठं काढा, झाडून-पुसून घेणाऱ्या मावशींना लांबून वाचता यावं असं, कारण पाणी बहुतेक त्याच घालतात.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे पिवळी पडलेली कुंडी असेल त्यांनी ती घेऊन या. इथंच उपटून मुळं बघू. पांढरी, कडक असली तर झाड वाचतं. तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असली तर कुजका भाग कापून कोरड्या, नव्या मातीत कसं लावायचं ते करून दाखवते. येताना धारदार कात्री आणा.